पडद्यातलं पाणी सगळ्यांचं सारखं नसतं

कामं आवरून बसला असाल, किंवा भाकरी थापता थापता रेडिओ ऐकत असाल. ऐका, पण आज एक काम करा. भिंतीवरचं तारखांचं कॅलेंडर खुंटीवरून काढून जवळ आणून ठेवा. घरात कुणी वाचायचा चष्मा लावत असेल तर तोही. थोड्या वेळानं लागणार आहे.

मी ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात काम करते. चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदूचे पेशंट शोधायचे, शिबिराच्या याद्या करायच्या, हे माझं रोजचं काम. सांगायचं कारण असं की आज ज्या आजाराबद्दल बोलणार आहे तो माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत आला आणि मला चार महिने कळला नाही.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज पहाटे अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालायच्या. हात असा बसलेला की पंधरा ठिपक्यांची ओळ दोरी लावल्यासारखी यायची. एका श्रावणात मी पाहिलं, की ओळ मधेच वाकतेय. एकदा झालं, दोनदा झालं. मी हसून म्हटलं, "आत्याबाई, आज रांगोळी वाकडी झाली की." त्या म्हणाल्या, "ठिपकंच वाकडं बसत्यात गं. डोळं म्हातारं झालं आता." मीही म्हटलं, मोतीबिंदू पिकत असेल, दिवाळीनंतरच्या शिबिरात घालू नाव. रोज शंभर डोळे तपासणारी मी, पण घरातल्या माणसाला एक डोळा झाकून बघायला सांगितलं नाही. दिवाळीनंतर शिबिरात नेलं तर उजव्या डोळ्यानं समोरच्याचा चेहराच दिसत नव्हता. आजूबाजूचं दिसायचं, पदर दिसायचा, हात दिसायचे, पण चेहऱ्याच्या जागी करडा डाग. मोतीबिंदू अगदी किरकोळ होता. बिघडला होता तो आतला पडदा.

या आजाराला वयोमानानं होणारी पडद्याची झीज म्हणतात. पन्नाशीनंतर होतो, आणि वय वाढेल तसा जास्त आढळतो. डॉक्टरांच्या कागदावर ए.एम.डी. अशी अक्षरं असतात. डोळ्याच्या पाठीमागे आतल्या बाजूनं एक नाजूक अस्तर असतं, त्यालाच आपण पडदा म्हणतो. या पडद्याच्या मधोमध जेमतेम पाच मिलिमीटरचा भाग असतो. सुईत दोरा ओवणं, तांदळातला खडा वेचणं, एसटीची पाटी वाचणं, नातवाचा चेहरा ओळखणं, हे सगळं त्या एवढ्याशा जागेवर चालतं. बाकीचा पडदा आजूबाजूचं बघतो. म्हणून या आजारात माणूस ठार आंधळा होत नाही. अंगणात फिरतो, दार शोधतो, पण ज्याच्याकडे बघायचं तेच दिसत नाही. घरच्यांना वाटतं, म्हातारी ढोंग करते. जमिनीवर पडलेला रुपया दिसतो आणि हातातलं पत्र दिसत नाही, असं कसं? तर असंच असतं.

ही झीज दोन तऱ्हांची. एक कोरडी, एक ओली. शंभर जणांना झीज असेल तर पंचाऐंशी-नव्वद जणांची कोरडी असते. ती वर्षानुवर्षं हळूहळू चालते. दहा-पंधरा जणांची ओली असते, पण या आजारानं नजर एकदम जाते ती बहुतेक या ओल्या झीजेनंच. आणि इंजेक्शनचा उपाय आहे तोही हिच्यावर. कोरडीची कधी ओली होईल हे आधी कळत नाही, म्हणून कोरडीवाल्यांनीही डोळ्यांवर लक्ष ठेवायचं.

आता ओली म्हणजे काय ते जरा सावकाश सांगते, कारण आजचं सगळं बोलणं त्यावरच आहे.

तुमच्या गावात जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवलेला पाहिलाय ना? कुणी लावत नाही, भिंत जुनी झाली, फट पडली, की तो आपला आपण येतो. मूळ भिंत फोडत जातं, त्या फटीतून पाणी मुरतं, गिलावा फुगतो, रंग सुटतो. डोळ्यातही तसंच होतं. पडदा म्हणजे भिंतीवरचा रंग समजा. रंगाच्या मागे गिलावा, म्हणजे पेशींचा एक पातळ थर, जो पडद्याला सांभाळतो, त्याचा कचरा बाहेर काढतो. आणि गिलाव्याच्या मागे विटांची भिंत, तिथे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. वयानं गिलावा कमजोर होतो, त्यात पिवळे ठिपके साठतात. मग पडद्याकडून एक निरोप जातो, रक्त कमी पडतंय, नव्या नळ्या पाठवा. शरीर नव्या रक्तवाहिन्या उगवतं. पण त्या घाईच्या, कच्च्या. झिरपतात, कधी फुटतात. त्या झिरपण्यालाच आपण "पडद्याला पाणी आलं" म्हणतो.

इथवर बऱ्याच जणींना कुणीतरी सांगितलेलं असतं. पुढचं सहसा सांगत नाहीत. मूळ भिंतीत कुठे शिरलं, यावरून या ओल्या झीजेच्या वेगवेगळ्या तऱ्हा होतात, आणि प्रत्येकीची वागणूक वेगळी. दवाखान्याच्या बाकावर बसून बायका एकमेकींना विचारतात, तुला किती इंजेक्शनं झाली? एकीला तीन, एकीला अकरा. अकरावालीला वाटतं डॉक्टर लुबाडतोय. तीनवालीला वाटतं आपण बऱ्या झालो. दोघीही फसतात. त्यात तिसरी बसलेली असते जिचं पाणी साखरेच्या आजारामुळे आलेलं असतं. तो आजारच निराळा, फक्त इंजेक्शन तेच. तिच्याशी तर तुलना करूच नये.

पहिली तऱ्हा लपलेली. मूळ गिलाव्याच्या मागेच पसरतं, बाहेर येत नाही. गिलावा थोडा फुगतो, भिंतीला पोट येतं तसं. ही सगळ्यात जास्त आढळणारी. हिचं सुरुवातीचं लक्षण अगदी सौम्य. अक्षर जरा पुसट, ओळ जरा हललेली. महिनोन्महिने माणूस चष्म्याला दोष देतो. इंजेक्शननं पाणी कमी होतं, पण मूळ मरत नाही. औषधाचा जोर ओसरला की पुन्हा झिरपायला लागतं. म्हणून हिला इंजेक्शनं बरीच लागतात, वर्षानुवर्षं. आणि या तऱ्हेतला माणूसच उपचार अर्धवट सोडतो, कारण त्याला "फरक" जाणवत नाही.

शेजारच्या गावच्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. दोन इंजेक्शनं घेतली आणि थांबल्या. म्हणाल्या, "पैसं गेलं, पोराचं खाडं झालं, आन् दिसतंय व्हतं तेवढंच." मैत्रिणींनो, होतं तेवढंच दिसत होतं, हाच तर फायदा होता! पण मी हे त्यांना पहिल्या इंजेक्शनच्या आधी नीट सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांनी परत आल्या तेव्हा त्या डोळ्यानं समोर धरलेली बोटं मोजता येत होती, एवढंच. परदेशात एक मोठी तपासणी झाली होती, २००६ साली तिचे निकाल छापून आले. त्यात बहुतेक याच लपलेल्या तऱ्हेचे रुग्ण होते. दर महिन्याला इंजेक्शन घेतलेल्या शंभरातल्या जवळजवळ पंच्याण्णव जणांची नजर वर्षभरात फारशी घटली नाही. ज्यांना औषध दिलं नव्हतं त्यांच्यात असे बासष्टच निघाले. नजर चांगली सुधारली अशी माणसं मात्र औषध घेतलेल्या शंभरात पंचवीस ते चौतीस. म्हणजे बहुतेकांना इंजेक्शन हे राखणदार आहे. शेताला राखण ठेवली म्हणून पीक दुप्पट होत नाही, पण राखण उठवली की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

दुसरी तऱ्हा उघडी. मूळ गिलावा फोडून पुढे येतं आणि गिलावा आणि रंग यांच्या मधे पसरतं. थेट पडद्याच्या पाठीला. ही घाईची असते. आठवड्यांत नजर वाकडी होते, रेषा मोडतात, मधे डाग येतो. वेळेत इंजेक्शन मिळालं तर हे मूळ चांगलं आक्रसतं. नाही मिळालं तर तिथे व्रण धरतो, आणि व्रणावर कुठलंच औषध चालत नाही. आमच्या आत्याबाईंच्या उजव्या डोळ्याला हीच होती. चार महिने आम्ही रांगोळीला हसत राहिलो तेवढ्यात व्रण झाला.

तिसरी उलटी. इथे सुरुवात भिंतीतून होत नाही, वरच्या रंगातूनच होते. पडद्याच्या स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या खाली गिलाव्याकडे वाढत जातात. आपल्याकडे ही कमी, गोऱ्या लोकांत जास्त. लवकर इंजेक्शन दिलं तर पाणी पटकन ओसरतं, पण दुसऱ्या डोळ्यात येण्याचा धोका या तऱ्हेत फार मोठा. डॉक्टरांनी ही सांगितली असेल तर चांगल्या डोळ्याची तपासणी टाळूच नका.

आणि चौथी. ही आपल्याकडच्यांनी नीट लक्षात ठेवायची, कारण आशिया खंडातल्या लोकांत ती बरीच आढळते. ओल्या झीजेच्या दर तीन-चार रुग्णांत निदान एक तरी. गोऱ्यांत तेवढी नाही. कागदावर पी.सी.व्ही. अशी तीन अक्षरं असतात. काही डॉक्टर तिला पहिल्या तऱ्हेचीच बहीण मानतात, काही वेगळी मानतात. तुम्ही त्या वादात पडू नका. गिलाव्याच्या मागे पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या टोकांना फुगे येतात, द्राक्षाच्या लहान घडासारखे, नारिंगी दिसणारे. अमेरिकेतले डॉक्टर लॉरेन्स यानुझ्झी यांनी १९८२ मध्ये हा आजार डॉक्टरांसमोर मांडला. हे फुगे शांत असले तर शांत असतात, फुटले तर एका रात्रीत पडद्याखाली रक्त साचतं. ट्रॅक्टर चालवणारे एक भाऊ, वय पंचावन्न-छप्पन, आदल्या संध्याकाळी शेत नांगरून आले, सकाळी उठले तर एका डोळ्यासमोर काळं. बायकोला वाटलं लकवा मारला. कुणी म्हणालं भानामती. ते फुग्याचं रक्त होतं. नशीब, तिसऱ्या दिवशी ते पडद्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचले.

या चौथ्या तऱ्हेत नुसत्या इंजेक्शननं पाणी कमी होतं, पण फुगे कधी कधी तसेच राहतात. मग हाताच्या शिरेतून एक औषध देऊन, त्यावर थंड लेझरचा उजेड टाकून फुगे बंद करतात. आशियातल्या काही देशांत झालेल्या आणि २०१७ साली छापून आलेल्या तपासणीत इंजेक्शन आणि हा लेझर दोन्ही केलेल्यांत शंभरातल्या साधारण एकोणसत्तर जणांचे फुगे वर्षभरात पूर्ण बंद झाले, नुसत्या इंजेक्शनवाल्यांत पस्तीसांचे. हा लेझर सगळीकडे मिळत नाही, महाग आहे, आणि दुसऱ्या एका औषधाच्या नुसत्या इंजेक्शननंही बऱ्याच जणांचं भागतं. पण पाणी आटत नसेल तर "डॉक्टर, हे पी.सी.व्ही. तर नाही ना?" एवढं विचारायला काय हरकत आहे? विचारल्यानं डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर रागावू देत.

आता कुठली तऱ्हा आहे हे कळतं कसं? बाहेरून बघून नाही. बॅटरी मारून तर नाहीच. तीन तपासण्या असतात, तिन्ही प्रत्येकाला लागतात असं नाही. पहिली ओ.सी.टी. हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे बघायचं, पाच मिनिटांत पडद्याचा आडवा काप दिसतो, कलिंगडाची फोड कापल्यासारखा. काही टोचत नाही. इंजेक्शननंतर पाणी कमी झालं का, तेही यातच बघतात, म्हणून ही पुन्हा पुन्हा होते. दुसऱ्या तपासणीत हाताच्या शिरेत पिवळ्या रंगाचं औषध सोडून पडद्याचे फोटो काढतात. त्यानंतर दिवसभर लघवी पिवळी-नारिंगी होते, अंगही जरा पिवळसर दिसतं. एक आजी कावीळ झाली म्हणून झाडपाल्याचं औषध घ्यायला निघाल्या होत्या, म्हणून मुद्दाम सांगते. तिसरीत हिरव्या रंगाचं औषध, ते मागच्या भिंतीतले फुगे दाखवतं. ही चौथ्या तऱ्हेसाठी मुख्य. कुठल्या औषधाची, आयोडीनची किंवा माशांची ॲलर्जी असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल तर रंग सोडायच्या आधी सांगा.

आणि इंजेक्शन. डोळ्यात सुई म्हटलं की निम्म्या बायका बाकावरूनच परत जातात, त्यात दोष नाही. खरं काय होतं ते सांगते. थेंब टाकून डोळा बधिर करतात. तपकिरी औषधानं धुतात, ते जरा चुरचुरतं. पापण्या मिटू नयेत म्हणून छोटी क्लिप लावतात, खरी अडचण वाटते ती तिचीच. मग बुबुळाच्या कडेला, डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक सुई, मोजून काही सेकंद. त्याच दिवशी घरी. टोचलेल्या जागी लाल ठिपका आठ-दहा दिवस राहतो, समोर काळे कण तरंगतात, घाबरायचं नाही. पण पुढच्या चार-पाच दिवसांत डोळा ठणकू लागला, लाली वाढली, नजर कमी झाली, तर बाजाराचा दिवस आहे, लग्न आहे, काही बघायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. आत जंतू गेले असं क्वचित होतं, हजारांत एखाद्याला, पण तेव्हा तासांचा हिशेब असतो. आणि नुकताच हृदयाचा झटका किंवा लकवा येऊन गेला असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगायचं.

बहुतेकांना पहिली तीन इंजेक्शनं महिन्या-महिन्याच्या अंतरानं देतात. नंतर पडदा कोरडा राहिला तर अंतर वाढवत नेतात, सहा आठवडे, आठ आठवडे, कुणाचं बारा. पाणी दिसलं की अंतर पुन्हा कमी. तुमची तऱ्हा आणि तुमचा पडदा जसं सांगेल तसं. शेजारणीच्या आकड्यावर नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. या इंजेक्शनांत महाग-स्वस्त आहे. स्वस्तातलं औषध बेव्हासिझुमॅब, अवॅस्टिन या नावानं डॉक्टर ओळखतात. ते मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये आलं. एका बाटलीतून डोळ्याचे अनेक छोटे डोस निघतात म्हणून स्वस्त पडतं. अमेरिकेत सरकारी खर्चानं ते आणि महागाचं रॅनिबिझुमॅब समोरासमोर ठेवून तपासले. २०११ च्या निकालात सारख्याच वेळापत्रकानं दिलं तर नजरेत फरक निघाला नाही. फक्त डोस काढताना स्वच्छता कडक हवी, म्हणून ते विश्वासाच्या ठिकाणीच घ्यावं. रॅनिबिझुमॅबचंही भारतात बनलेलं, मूळ औषधापेक्षा स्वस्त रूप २०१५ पासून मिळतं. तर पहिल्या इंजेक्शनच्या आधीच विचारा: माझी तऱ्हा कुठली, वर्षभरात साधारण किती लागतील, यातलं कुठलं औषध मला चालेल, आणि स्वस्तातलं का चालणार नाही. सरकारी योजनेत बसतं का ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. एका महागड्या इंजेक्शनवर सगळी पुंजी घालून पुढची सोडण्यापेक्षा, परवडणारं औषध नेमानं घेतलेलं बरं, असं माझं मत आहे.

गटांसाठी एक गोष्ट. इंजेक्शनपेक्षा जास्त अडतं ते सोबतीवर. मुलाचा दिवस मोडतो, सुनेची मजुरी बुडते, दोन-तीनदा झालं की घरात कुरबूर सुरू होते आणि म्हातारं माणूस स्वतःच म्हणतं, राहू द्या आता. आमच्या गटानं हे वहीत घेतलं. हप्त्याच्या पानाच्या मागे इंजेक्शनच्या तारखा लिहितो, आणि सोबतीची पाळी लावतो. गटातली एक बाई एका दिवशी गावातल्या दोन-तीन पेशंटना घेऊन जाते.

बरं, आता कॅलेंडर घ्या. वाचायचा चष्मा असेल तर लावा. कॅलेंडर हातभर नाही, फूटभर अंतरावर धरा. तळव्यानं डावा डोळा झाका, दाबू नका. उजव्या डोळ्यानं बरोबर मधल्या तारखेकडे बघा, नजर हलवायची नाही. आता न हलवता सांगा, आजूबाजूच्या चौकटींच्या रेषा सरळ आहेत का? कुठे वाकलेली, लहरलेली, तुटलेली? एखादं घर गायब? कोपऱ्यातले आकडे वाचता येणार नाहीत, ते चालतं, आपल्याला रेषा बघायच्या आहेत. झालं? आता उजवा झाका, डाव्यानं बघा. मार्क ॲम्सलर नावाच्या स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी याच कामासाठी चौकटींचा कागद काढला, दवाखान्यात तोच देतात. पण रोज बघायला कॅलेंडर बरं, तारीख बघायला आपण जातोच. खिडकीचे गज, फरशीच्या रेघाही चालतात.

एक-एक डोळा झाकणं हेच यात महत्त्वाचं. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याची लाज झाकतो, आणि माणसाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. रेषा वाकडी दिसली तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, मोतीबिंदूच्या शिबिराची वाट बघू नका. आठवड्याच्या आत पडद्याच्या डॉक्टरांकडे. वाकडं दिसण्याची दुसरीही कारणं असतात, पण ती ठरवायची तिथेच.

काही गोष्टी लोक नेहमी विचारतात. पडदा बदलून मिळतो का? नाही. नेत्रदानात मिळतं ते डोळ्याच्या पुढचं पारदर्शक आवरण, मागचा पडदा नाही. गोळ्या घेऊ का? अमेरिकेतल्या मोठ्या तपासण्यांत जीवनसत्त्वं आणि जस्ताच्या एका ठरलेल्या मिश्रणानं मध्यम कोरडी झीज असलेल्यांत पुढे वाढण्याचा धोका साधारण पाव हिश्शानं कमी झाला. ज्यांना झीजच नाही त्यांना उपयोग नाही, आणि त्यातला बीटा कॅरोटीन हा घटक बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोक्याचा. म्हणून मनानं घेऊ नका. मेथी, पालक, शेवग्याचा पाला खा, त्याला डॉक्टर विचारावा लागत नाही. आणि घरात कुणी बिडी ओढत असेल तर त्याला सांगा की या आजाराचा धोका ओढणाऱ्याला दुपटीहून जास्त आहे. फुप्फुसाच्या भीतीनं सुटत नाही, कदाचित डोळ्याच्या भीतीनं सुटेल.

आणखी एक, यावर कुणी बोलत नाही. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलेल्या काही म्हाताऱ्या माणसांना नसलेल्या गोष्टी दिसतात. भिंतीवर जाळीची नक्षी, अंगणात लहान मुलं, टोपीवाली माणसं. आवाज येत नाही, नुसतं दिसतं. आमच्या ओळखीच्या एका आजींना कोनाड्यात बाळं बसलेली दिसायची आणि घरचे त्यांना देवऋषाकडे नेत होते. हे बाहेरचं नाही आणि वेडही नाही. डोळ्यांकडून चित्र येईनासं झालं की मेंदू आपल्या मनानं चित्रं भरतो. शार्ल बोने या स्विस माणसानं १७६० मध्ये आपल्या आजोबांचं हेच लिहून ठेवलं आहे. त्या आजींना मी एवढंच सांगितलं, आजी, असं होतं, बऱ्याच जणांना होतं. त्या रडल्याच. म्हणाल्या, मला वाटलं माझंच डोकं फिरलंय, म्हणून तर निम्मं सांगितलंच नव्हतं कुणाला.

आत्याबाईंच्या उजव्या डोळ्याचा व्रण तसाच आहे. पण त्यानंतर कॅलेंडर मी त्यांच्या खाटेजवळ लावलं. दोन वर्षांनी एका सकाळी त्यांनी हाक मारली, "अगं ये इकडं, सतराव्या तारखेचं घर चेपलंय." मी डावा डोळा तपासला, चौथ्या दिवशी आम्ही जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांपुढे होतो. तीच उघडी तऱ्हा, पण या वेळी व्रण धरायच्या आत. आजवर नऊ इंजेक्शनं झालीत, सध्या अंतर दहा आठवड्यांवर आहे. रांगोळी त्या आता मोठ्या ठिपक्यांची घालतात, आणि तांदूळ निवडताना मी निवडलेल्यात खडे काढून दाखवतात. पुढची तारीख या महिन्याची बावीस आहे. त्या दिवशी सोबतीची पाळी माझीच आहे, पहाटेची एसटी धरायची आहे.